पिल्लं मेली नाहीत, तरी तक्रार आहे

हॅचरीचे मॅनेजर साहेब, नमस्कार

कागल तालुक्यातनं लिहितोय, चार वर्षं झाली तुमचीच ब्रॉयलर पिल्लं घेतोय. फोन केला तर तुमच्या ऑफिसातला पोरगा म्हणतोय मर कमी आहे की, मग तक्रार कसली, आणि ठेवूनच दिला. मर कमीच आहे, १५०० मध्ये २२ गेली. मी जगलेल्यांबद्दल बोलतोय.

सकाळी ७ ला यायची गाडी रात्री साडेअकराला आली. म्हणे किणी टोलच्या अलीकडं बंद पडली. इकडं मी आदल्या रात्रीपासनं पिल्लांना ऊब द्यायचा ब्रूडर पेटवून, तुसावर पेपर अंथरून, फीड पसरून बसलेलो, गॅस जळतोय आणि पिल्लांचा पत्ता नाही. एरवी खोकं उघडलं की चिवचिवाटात शेजारच्याचं ऐकू येत नाही, ह्या वेळी सगळं गप. पायाच्या नळ्या सुकलेल्या, गळ्याखालची पिशवी बोटानं दाबून बघितली तर दाणा नाही की पाणी नाही.

खोक्यावर तारीख आदल्या दिवसाची आहे, पण २१ दिवसांची अंडी काय एकदम फुटतात का ओ? पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात दिवस-दीड दिवसाचा फरक पडतो, पहिली फुटलेली तिथंच तुमच्या उबवायच्या मशीनमध्ये उपाशी, मग निवड, लस, खोकी, गाडी. म्हणजे काही पिल्लं दोन-अडीच दिवस उपाशी होती बघा.

तुमचे डॉक्टर म्हणाले पोटात बलक असतोय, तीन दिवस काय होत नाही. मरत नाही एवढंच खरं. त्या बलकाचं काम आतडी तयार करायची आणि आईकडनं आलेली प्रतिकारशक्ती पोचवायची. छातीच्या मांसाचे धागे किती ते अंड्यातच जवळपास ठरलेलं असतं, नंतर ते जाड होतात, आणि त्यासाठी ज्या पेशी वाढाव्या लागतात त्यांची सगळी धावपळ पहिल्या थोड्या दिवसांतच असते. त्याच दिवसांत पोट रिकामं राहिलं तर नंतर कितीबी फीड ओता, ती छाती पूर्ण भरून निघत नाही. हे तुम्ही मला सांगायचं तर मीच तुम्हाला सांगतोय! नेदरलँडमध्ये हॅचरीतच दाणा-पाणी देणारी मशिनं आहेत, ती तुम्ही उद्या आणा असं म्हणत नाही, गाडी तरी वेळेवर सोडा.

सातव्या दिवशी मागच्या बॅचचं सरासरी वजन १८२ ग्रॅम होतं, ह्या बॅचचं १३४. शेड तेच, फीड तेच. चाळिसाव्या दिवशी पक्ष्यामागं पाव किलो कमी. आमचं कोल्हापूर आधीच मटणाचं, चिकनवाल्याकडं गिऱ्हाईक मुळातच नाक मुरडत येतंय. त्यानं पक्षी हातात धरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "अण्णा, हाडच लागतंय की हाताला, ह्येची छाती भरलीच न्हाई." आणि किलोमागं ४ रुपये तोडले.

तर वजनाच्या फरकाची भरपाई पुढच्या बिलात वजा करा, आणि इथून पुढं खोक्यावर तारखेबरोबर पिल्लं मशीनमधनं काढल्याची वेळ पण लिहा. तोपर्यंत पुढच्या २००० चं बुकिंग थांबवलंय, ॲडव्हान्स तुमच्याकडंच आहे हे लक्षात असू द्या.

वजनाच्या वहीचे फोटो सोबत पाठवतोय, सातव्या दिवसाच्या पानावर चहा सांडलाय पण आकडा दिसतोय.

तुमचा जुना गिऱ्हाईक