ड्रॉइंग बदलले, पण गेज बदलला का?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

कारखान्यांच्या डिजिटलीकरणाविषयी वृत्तपत्रांतून जे लेखन येते, त्यात रोबो, सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांना भरपूर जागा मिळते. परंतु एखाद्या सुट्या भागाचे आज लागू असलेले ड्रॉइंग नेमके कोणते, हा प्राथमिक प्रश्न त्यात क्वचितच येतो. उत्पादन आणि गुणवत्ता यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या कोणालाही विचारा. जुन्या माहितीवर अगदी बिनचूक केलेले काम किती रिजेक्शन आणि रिवर्क पदरात टाकते, हे तो सांगेल. प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट, म्हणजेच उत्पादनाची डिझाइनपासून वापरापर्यंतची सारी माहिती एकत्र सांभाळणारे पीएलएम सॉफ्टवेअर, याच ठिकाणी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. दुर्दैवाने अनेक कंपन्यांत ते डिझाइन विभागापुरतेच राहते आणि थ्रीडी मॉडेल ठेवण्याचे महागडे कपाट होऊन बसते.

एक साधे उदाहरण घेऊ. २५ मिमी व्यासाच्या एका बोअरची, म्हणजे छिद्राची, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच८ वरून अधिक काटेकोर अशा एच७ श्रेणीची करायचे ठरले. पूर्वी तो बोअर २५.०३३ मिमीपर्यंत चालत होता, आता ती मर्यादा २५.०२१ मिमीवर आली. डिझाइनरने मॉडेल सुधारले, ड्रॉइंगची रिव्हिजन (आवृत्ती) बदलली, मंजुरी मिळाली आणि नवी प्रत मशीनवर पोहोचलीही. मात्र इन्स्पेक्शनच्या टेबलावरचा प्लग गेज, म्हणजे छिद्राचे माप तपासण्याचे साधन, एच८ चाच राहिला. आता २५.०२८ मिमीचा बोअर आला, तर त्या गेजची नो-गो बाजू (जी आत शिरली तर छिद्र मर्यादेपेक्षा मोठे ठरते) आत शिरत नाही. निरीक्षक जॉब पास करतो आणि अहवालावर सही करतो. हाती दिलेल्या साधनाने त्याने तपासणी चोख केलेली असते. दोष कळतो तो असेंब्लीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे ग्राहकाकडे, आणि मग खुलासा मागितला जातो तो त्या निरीक्षकाकडे.

नीट राबवलेल्या पीएलएममध्ये तो भाग ही एक मध्यवर्ती नोंद असते. मॉडेल, ड्रॉइंग, बिल ऑफ मटेरियल (लागणाऱ्या भागांची व साहित्याची यादी), प्रोसेस शीट, सीएनसी प्रोग्राम, फिक्स्चर, गेज, कंट्रोल प्लॅन (काय, कशाने आणि किती वेळा तपासायचे याचा आराखडा) आणि एफएमईए (संभाव्य दोष व त्यांच्या परिणामांचे विश्लेषण) हे सारे त्या नोंदीला जोडलेले असते. बदलाची विनंती आली की या बदलाची झळ कोणकोणत्या गोष्टींना बसते आणि हाच भाग आणखी कोणत्या असेंब्लीत वापरला जातो, याची यादी समोर येते. ज्या विभागाकडे गेज आहे, त्याने ‘बदलला’ किंवा ‘बदलाची गरज नाही’ असे नोंदवल्याशिवाय चेंज नोटीस बंद होत नाही. बदल कोणत्या तारखेपासून किंवा कोणत्या सिरियल नंबरपासून लागू, लाइनवर अर्धवट तयार असलेल्या आणि स्टोअरमध्ये पडून असलेल्या मालाचे काय करायचे, तो वापरून संपवायचा, रिवर्क करायचा की स्क्रॅप, याचा निर्णयही त्याच नोंदीत असतो. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतही उत्पादनातील बदलांचा आढावा, बदलाला मान्यता देणारी व्यक्ती आणि त्यानुसार केलेली कार्यवाही यांची नोंद ठेवावी लागते. ऑडिटच्या आदल्या रात्री फायली जुळवत बसण्यापेक्षा ही नोंद काम होतानाच तयार व्हावी, हे केव्हाही चांगले.

बिल ऑफ मटेरियलविषयी थोडे अधिक सांगायला हवे. डिझाइन विभागाची यादी उत्पादनाच्या कार्यानुसार मांडलेली असते. उत्पादन विभागाला ती जोडणीच्या क्रमाने लागते, आणि तिच्यात डिझाइनरने बहुधा न दाखवलेले ग्रीस, चिकट द्रव्य, रंग, पॅकिंग यांचाही समावेश असतो. या दोन याद्या वेगळ्या असणे स्वाभाविकच आहे. त्यांच्यातील दुवा एखाद्याच्या एक्सेल शीटमध्ये असणे मात्र धोक्याचे आहे, कारण ती व्यक्ती रजेवर गेली की ईआरपीमध्ये, म्हणजे खरेदी व साठा सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीत, जुनाच भाग मागवला जातो.

पार्ट नंबरच्या शिस्तीचे महत्त्व जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विच प्रकरणाने जगाला दाखवले. त्या स्विचमधली किल्ली सहज घसरून गाडी चालू असतानाच इंजिन बंद पडत असे आणि एअरबॅगही निकामी होत. २००६ मध्ये स्विचच्या रचनेत सुधारणा मंजूर झाली, पण पार्ट नंबर तोच ठेवला गेला. जुना सदोष स्विच आणि नवा सुधारित स्विच कागदोपत्री एकच ठरले. पुढे अपघातांची चौकशी करणाऱ्यांना काही वर्षांच्या गाड्यांतच दोष का आढळतो, याचा उलगडा दीर्घकाळ झाला नाही. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि कंपनीने स्थापन केलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. केवळ सॉफ्टवेअर असते तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. बदलावर सही माणसाचीच होती. परंतु भागाची जोडणी, आकार किंवा कार्य बदलत असेल तर नवा नंबर दिल्याशिवाय पुढे जाऊ न देणे, आणि ही तपासणी एकट्या व्यक्तीवर न सोडणे, हा नियम पीएलएममध्ये बसवता येतो. तो बसवायचा की नाही, हे व्यवस्थापनाने ठरवायचे असते.

याहून दुर्लक्षित राहतो तो परतीचा मार्ग. ग्राहकाची तक्रार येते, गुणवत्ता विभाग मूळ कारण शोधतो, सुधारणात्मक कृतीचा फॉर्म भरतो आणि फाइल बंद होते. ती माहिती त्या भागाच्या एफएमईएपर्यंत पोहोचत नाही, म्हणून पुढच्या मॉडेलवर काम करणारा डिझाइनर तोच कोपरा, तीच पातळ भिंत पुन्हा काढतो. तक्रार सिरियल नंबरवरून थेट त्या वेळच्या रिव्हिजनशी जोडली गेली, तर हे चक्र थांबवता येते.

पुरवठादारांचीही दखल घ्यायला हवी. कास्टिंग किंवा मशिनिंग करणाऱ्या छोट्या पुरवठादाराला ड्रॉइंग ईमेलने जाते आणि त्याच्याकडे कोणती रिव्हिजन उरली आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. त्याला लागू असलेली प्रत पाहण्यापुरता तरी प्रवेश द्यायला हवा. माहितीचे वहन तुटले की मोठ्यांचीही फजिती होते: एअरबस ए३८० च्या वेळी जर्मनी आणि फ्रान्समधील अभियंते एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते, केबलचे जुडगे विमानात नीट बसेनात, आणि २००६ मध्ये लांबत गेलेल्या विलंबामागचे ते एक प्रमुख कारण होते.

एक इशाराही द्यायला हवा. एकच बोल्ट तीन नंबरांनी नोंदलेला असेल, तर तो गोंधळ नव्या प्रणालीतही जसाच्या तसा उतरतो. आणि साध्या बदलालाही डझनभर मंजुऱ्या लावल्या, तर लोक मोबाइलवरून पीडीएफ पाठवून काम उरकतात व मशीनशेजारी पुन्हा जुनी छापील प्रत दिसू लागते. म्हणून किती ड्रॉइंग प्रणालीत चढवली, यावरून पीएलएमचे यश मोजू नये. बदल मंजूर झाल्यापासून शेवटचा गेज, शेवटचा प्रोग्राम आणि शेवटचा पुरवठादार बदलेपर्यंत किती वेळ गेला, ते मोजावे. सॉफ्टवेअर निवडण्याच्या बैठकीला डिझाइनप्रमुखांबरोबर लाइन इन्स्पेक्टर आणि प्रोसेस इंजिनिअर यांनाही बोलवावे, आणि विक्रेत्याला प्रात्यक्षिकात आकर्षक थ्रीडी मॉडेल फिरवून दाखवण्याऐवजी एका टॉलरन्सचा बदल कंट्रोल प्लॅनपर्यंत नेऊन दाखवायला सांगावे.

आपला विश्वासू,
गुणवत्ता विभागात काम करणारा एक वाचक