बागेतले तळे: काठ उतरता हवा, मासे नकोत

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की गृहसंकुलांच्या बागांत आणि बंगल्यांच्या आवारात तळी खोदण्याची लगबग सुरू होते. बेडूक यावेत, चतुर घिरट्या घालावेत, पक्ष्यांना पाणी मिळावे असा हेतू असतो. तयार होतो मात्र निळ्या फरशीचा, उभ्या भिंतींचा हौद. मध्ये कारंजे आणि आत शोभेचे कोई मासे. अशा हौदात पडलेली खार किंवा चिचुंद्री गुळगुळीत फरशीवरून वर चढू शकत नाही. नुकतेच शेपूट गेलेले बेडकाचे पिल्लूही बाहेर न पडता आल्याने बुडून मरते.

तळ्यात सर्वांत महत्त्वाचा असतो तो काठ. १० बाय ७ फुटांचे लंबगोल तळे मध्यभागी २ फूट खोल असले की पुरे. एक बाजू १ फूट खोलीला ३ फूट अशी सावकाश उतरवावी. बुलबुल आणि दयाळ अंघोळीला येतात ते याच बाजूच्या इंच-दीड इंच पाण्यात. बाकीच्या बाजूंना ६ ते ८ इंच खोलीवर फूटभर रुंद पायरी ठेवली की वनस्पती लावायला जागा होते. सगळा काठ गवंडी वापरतात तशा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने एका पातळीत आणून घ्यावा, नाहीतर एकीकडून पाणी वाहून जाते आणि दुसरीकडे तळ्यात अंथरलेले प्लास्टिक उघडे पडते. आवारात लहान मुले असतील तर पाण्याच्या किंचित वर गजांच्या आधाराने लोखंडी जाळी बसवावीच. दोन इंच पाणीही तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतते.

काळ्या मातीत सिमेंटच्या भानगडीत पडू नये. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि हौदाला तडे जातात. शेततळ्यात अंथरतात तो ५०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद स्वस्त आणि टिकाऊ असतो. माप काढायचे ते असे: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही टोकांना पुरण्यासाठी एकेक फूट. म्हणजे वरच्या तळ्याला १६ बाय १३ फुटांचा कागद लागेल. हा कागद ताठ असतो, काटकोनात नीट बसत नाही. आकार लंबगोल ठेवायचा तो त्यासाठीच. खड्ड्यातले टोकदार दगड आणि मुळ्या काढून दोन इंच चाळलेली वाळू आणि त्यावर जिओटेक्स्टाइल (न कुजणारे जाड कृत्रिम कापड) किंवा जुने कार्पेट अंथरावे. गोणपाट कुजते, ते नको. काठावर उघडा राहिलेला कागद उन्हाने तडकतो, तेव्हा तो माती आणि गोट्यांखाली झाकून टाकावा. वड, पिंपळ, उंबर यांच्या जवळ तळे घेऊच नये. मुळे कागद फोडतात आणि पानगळीने पाणी नासते. सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा उत्तम.

खड्डा मे महिन्यात तयार ठेवावा आणि छपराचे पाणी पहिला एखादा पाऊस वाया घालवून मग आत सोडावे. बेडकांचा विणीचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. नळाचे पाणी घालायचे झाल्यास दोन दिवस पिंपात उघडे ठेवावे, क्लोरीन उडून जाते. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर पाणी सहज उडते. या तळ्याच्या हिशेबाने रोज ४० लिटर, म्हणजे दोन-अडीच बादल्या. एवढी भर घालायची तयारी नसेल तर तळे लहान करावे.

काठाला वेखंड, ब्राह्मी, लव्हाळा, पाण्याखाली हायड्रिला, खोल भागात कुंडीत लावलेले कुमुद. कुंडीत शेणखत घालू नका, साधी माती आणि वर गोटे घाला. पाणी हिरवेगार होते ते बहुतेकदा खतामुळे, म्हणून लॉनला घातलेले खत तळ्यात वाहून येणार नाही इतका काठ उंच हवा. जलपर्णी आणि पाणकणीस कितीही देखणे वाटले तरी आणू नयेत. पहिली पाणी झाकून टाकते, दुसऱ्याची मुळे कागदाला भोके पाडतात.

आता डासांविषयी. तळे म्हटले की डेंग्यू, ही भीती आपल्याकडे पक्की बसली आहे. डेंग्यूचा डास मुख्यतः कूलर, टायर, कुंड्यांखालच्या बशा अशा भांड्यांतल्या पाण्यात वाढतो. जिवंत तळ्यात चतुरांची आणि टाचण्यांची (चतुरांसारख्याच पण नाजूक कीटकांची) पिल्ले, पाणभुंगे डासांच्या अळ्या फस्त करतात. गफलत होते ती पहिल्या तीन-चार आठवड्यांत. डास आधी पोहोचतात, भक्षक नंतर. आणि उबेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. या काळात बीटीआय हे जिवाणूजन्य कीटकनाशक पाकिटावरच्या प्रमाणात टाकावे. ते डासांच्या अळ्या मारते, बेडकांना आणि चतुरांना धक्का लावत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडले जाणारे गप्पी आणि गँबुशिया हे दोन्ही अमेरिका खंडांतले मासे. गँबुशिया बेडकांची अंडी आणि कोवळी पिल्ले खातो. गप्पीही फारसा सोज्वळ नाही. ज्याला बेडूक हवेत त्याने तळ्यात कोणताच मासा सोडू नये. दुसरीकडून बेडकांची पिल्लेही आणू नयेत, त्यांच्याबरोबर रोग येतात. जवळपास बेडूक असतील तर ते आपण होऊन येतात. त्यांच्यामागे पाणदिवड आली तर घाबरू नये. ती बिनविषारी असते.

यासंदर्भात महापालिकांच्या आरोग्य विभागांना एक विनंती. साचलेले पाणी दिसले की त्यात गप्पी सोडणे किंवा टेमेफॉस हे रासायनिक अळीनाशक ओतणे ही सरसकट पद्धत अशा तळ्यांपुरती थांबवावी. टेमेफॉस इतर पाणकीटकांनाही मारते आणि मग पुढच्या खेपेला डासांना मोकळे रान मिळते. तपासणीला येणाऱ्या कर्मचाऱ्याने काठालगतचे पाणी पांढऱ्या वाडग्यात चार-पाच ठिकाणी घेऊन पाहावे. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर बीटीआय द्यावे, न दिसल्या तर तशी नोंद करून पुढच्या घरी जावे.

आपले,
पाणथळ जागांचे अभ्यासक व बागकाम करणारे काही वाचक, पुणे