धमकीच्या तक्रारीत नेमके शब्द लिहा

संपादक महोदय,

तालुक्याच्या न्यायालयात सुमारे ३० वर्षे फौजदारी वकिली केली. त्या काळात ‘शिवीगाळ व दमदाटी करून जिवे मारण्याची धमकी दिली’ हे वाक्य वाचनात आले नाही असा एकही आठवडा आठवत नाही. भांडण शेताच्या बांधावरून असो, भाऊबंदांतल्या वाटणीवरून असो की सोसायटीत गाडी लावण्याच्या जागेवरून, फिर्यादीच्या शेवटी हे वाक्य ठरलेले आणि त्यामागोमाग भारतीय दंड संहितेची ३२३ (दुखापत), ५०४ (चिथावणारा अपमान) व ५०६ (धमकी) ही कलमेही ठरलेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि या कलमांच्या जागी ११५(२), ३५२ व ३५१ हे आकडे आले. वाक्यात मात्र काना-मात्रेचाही फरक पडलेला नाही.

या वाक्याबद्दल माझी तक्रार अशी की, रागाच्या भरात तोंडातून गेलेला शब्द आणि गुन्हा ठरणारी धमकी यांच्यातला फरक ज्यावरून कळायचा, नेमका तोच तपशील ते गिळून टाकते.

गुन्हेगारी धमकीची व्याख्या कायद्याने पुरेशी स्पष्ट केली आहे. दुसऱ्याच्या जिवाला, अब्रूला वा मालमत्तेला, किंवा त्याच्या जवळच्या माणसाला इजा करण्याची भीती घालणे एवढ्याने गुन्हा पूर्ण होत नाही. ती भीती समोरच्याला धास्तावण्याच्या, किंवा जे करण्यास तो कायद्याने बांधलेला नाही ते करायला लावण्याच्या, अथवा ज्याचा त्याला हक्क आहे ते करू न देण्याच्या उद्देशाने घातलेली असावी लागते. जुन्या दंड संहितेने दिलेले आणि नव्या संहितेनेही कायम ठेवलेले उदाहरण आपल्या गावगाड्याला चपखल बसते: दिवाणी दावा सोडून द्यावा म्हणून एकाने दुसऱ्याला घर जाळण्याची धमकी देणे. या उदाहरणाचा सगळा भार जाळण्यावर नसून ‘दावा सोडून द्यावा म्हणून’ या शब्दांवर आहे.

आपल्या बोलण्यात हिंसा किती सहज येते, हे सांगायला नको. ‘तंगडं मोडून हातात देईन’ असे पोराला म्हणणारी आई आणि ‘तुला बघून घेईन’ असे ओरडत बस पकडायला धावणारा प्रवासी यांना या कलमात बसवायचे म्हटले, तर तुरुंग पुरणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली बंगळूरच्या एका दांपत्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला, तो याच विचाराने. पोलीस अधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दलचा संताप त्या दोघांनी वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर व्यक्त केला होता आणि त्यावरून त्यांना धमकीचे कलम लावण्यात आले होते. धास्तावण्याचा उद्देश नसेल, तर नुसते शब्द उच्चारल्याने हे कलम लागत नाही, असे न्यायालयाने म्हटले. इंग्लंडमध्ये अशाच प्रकरणात एका तरुणाची २ वर्षांहून अधिक फरपट झाली. जानेवारी २०१० मध्ये बर्फामुळे विमानतळ बंद पडला, तेव्हा आठवडाभरात कारभार सुधारला नाही तर विमानतळ उडवून देईन, असे त्याने वैतागून ट्विटरवर लिहिले. विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनाही त्यात तथ्य वाटले नव्हते. तरी त्याला दंड झाला, नोकरी गेली आणि जुलै २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

‘गर्जेल तो पडेल काय आणि बोलेल तो करील काय’ ही म्हण मात्र कायद्याला मान्य नाही. धमकी खरी करून दाखवण्याचा बेत होता की नव्हता, हा या कलमाचा प्रश्नच नाही. समोरचा प्रत्यक्षात घाबरला की नाही, यानेही फरक पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या एका निकालात सांगितले आहे. पाहायचा तो बोलणाऱ्याचा हेतू, आणि तो कळतो नेमक्या शब्दांवरून, प्रसंगावरून व दोघांच्या मागच्या संबंधांवरून.

येथे मला माझाच एक खटला सांगितला पाहिजे. वाटणीचा दावा लावलेल्या एका विधवेच्या घरात शिरून तिच्या दिराने तिला धमकावल्याचा आरोप होता आणि मी दिराचा वकील होतो. साक्षीत तिने सांगितले, ‘ते म्हणाले, वहिनी, पोरगं रोज एकटंच एस.टी.नं कॉलेजला जातं ना? रस्ता चांगला नाही हो. दाव्याचं काय ते बघा.’ फिर्यादीत यातले एक अक्षर नव्हते; होते ते नेहमीचेच वाक्य. मी विचारले, ‘मारीन हा शब्द आरोपीने उच्चारला होता का?’ ती नाही म्हणाली. पोराबद्दलचे बोलणे फिर्यादीत नसल्याने ते मागाहून सुचलेले ठरले आणि माझा पक्षकार निर्दोष सुटला. वकील म्हणून मी माझे काम केले. पण घर जाळण्याच्या त्या उदाहरणाच्या इतक्या जवळ जाणारे दुसरे प्रकरण मी पाहिलेले नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जिवे मारण्याच्या वा गंभीर दुखापतीच्या धमकीला ७ वर्षांपर्यंत कैद असली, तरी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात हा गुन्हा अदखलपात्र आहे. त्यामुळे केवळ धमकीची तक्रार बहुधा ‘एन.सी.’ म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करून संपते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. मात्र अशा प्रकरणांचा दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याची तरतूद याच संहितेच्या कलम १७४ मध्ये आली आहे. ती चांगली आहे. पण त्या अहवालात प्रत्येक नोंदीपुढे तेच वाक्य असेल, तर बांधावरची बाचाबाची कोणती आणि त्या विधवेसारखीचे प्रकरण कोणते, हे दंडाधिकाऱ्यांनी कशावरून ओळखावे?

म्हणून पोलीस खात्याला विनंती आहे की, ठाणे अंमलदारांनी धमकीची तक्रार घेताना समोरचा माणूस नेमके काय बोलला ते त्याच्याच बोलीत लिहून घ्यावे. ते कोणासमोर बोलला, त्याआधी दोघांत काय घडले होते आणि त्याला काय करून हवे होते, हेही विचारावे. तक्रारदारांनीही सही करण्यापूर्वी आपण ऐकलेले शब्द कागदावर उतरले आहेत ना, हे वाचून पाहावे, आणि नसतील तर ते लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

आपला,
एक निवृत्त वकील, जि. सातारा