पक्षी मोजले की पाहुणे?

मा. संपादक,

तलावावरच्या पक्षीगणनेची बातमी काल वाचली. मथळा 'परदेशी पाहुण्यांनी तलाव गजबजला' आणि खाली फोटो हळदी-कुंकू बदकांच्या जोडीचा! अहो, हे बदक बारमाही इथलेच. पाहुणे म्हणायचेच तर त्या दिवशी व्यासपीठावर बसलेल्यांना म्हणा.

मी काठावर होतो, म्हणून लिहितो. बोलावणे पहाटेचे होते. कॉलेजची मुले बिचारी दुर्बिणी घेऊन अंधारात हजर. प्रमुख पाहुणे उन्हे वर आल्यावर आले. मग दीपप्रज्वलन, हार, शाली आणि स्पीकर. 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' म्हटल्याबरोबर पलीकडच्या पाणकणसातली सगळी बदके उठली, एक गिरकी घेऊन निम्मी तलावाच्या दुसऱ्या टोकाला उतरली. एका गटाने ती उडताना मोजली, दुसऱ्याने उतरल्यावर. दोन्ही आकडे बेरजेत! मी हे संयोजकांच्या कानावर घातले, तर म्हणाले, "असू दे की वो काका, आकडा मोठा दिसतोय ते बघा." तोच मोठा आकडा आपण ठळक टाइपात छापला आहे. अभिनंदन.

जाती किती आणि एकेका जातीचे पक्षी किती, हे दोन वेगळे हिशेब. बातमीत त्यांची खिचडी झाली आहे. शिवाय पक्ष्यांची गर्दी म्हणजे तलाव निरोगी, हे कुणी सांगितले? सांडपाणी शिरले की शेकाट्यांचे थवेच्या थवे येतात. तरंगती पाने गेली की कमळपक्षी मात्र जातो. त्याची नोंद कोण घेणार?

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. त्याच जागा, तीच पद्धत, म्हणून यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. वेळेचेही तसेच. आपल्याच जिल्ह्यातल्या धुपदाळला, म्हणजे घटप्रभा अभयारण्यात, कांड्या करकोचे थंडीत उतरतात. ते दिवसा चरायला शिवारात पांगतात. भाषणे आटोपून मोजायला गेलात तर पाणी रिकामेच दिसणार आणि दुसऱ्या दिवशी बातमी 'करकोचे रोडावले'.

जाता जाता. बळ्ळारी नाल्यातल्या जलपर्णीबद्दल मी पावसाळ्याआधी आपल्याला पत्र पाठवले होते. ते छापले नाहीत. नंतर नाला फुगून शहापूर शिवारातले भात पाण्याखाली गेले, तेव्हा आपला फोटोग्राफर तत्परतेने आला होता. हे पत्र छापायला जागा नसेल तर राहू द्या, पण हळदी-कुंकू बदकाच्या फोटोखालची ओळ तेवढी उद्याच्या अंकात दुरुस्त करा. मुले ती कात्रणे प्रोजेक्टच्या वहीत चिकटवतात.

– एक जुना वाचक, शहापूर, बेळगाव