पाकिटात काय गेलं आणि मुलाच्या पोटात काय गेलं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा बाबा फोनवर म्हणाले की कोरोनात तू नेमकं काय करत होतीस ते आम्हाला कधी नीट कळलंच नाही. फोनवर सांगायला गेले की राहून जातं म्हणून लिहितेय. शिवाय पुन्हा अशी साथ आली तर शाळेच्या जेवणाचं काय करायचं, याचा प्लॅन लिहायचं काम माझ्याकडे आलंय, त्यामुळे सध्या डोक्यात तेच चालू आहे.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी म्हटलं आणि मग पटापट शाळा बंद होत गेल्या. एप्रिलपर्यंत जगभरात दीडशे कोटींच्या आसपास मुलं घरी बसली होती आणि त्यातल्या साधारण ३७ कोटी मुलांचं शाळेत मिळणारं जेवण थांबलं, हा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा आहे. लोकांना वाटतं शाळेतलं जेवण म्हणजे मधल्या सुट्टीची सोय. पण कितीतरी मुलांना दिवसभरात धड असं तेवढंच मिळतं, आणि घरातली कमाई थांबल्यावर तर अशी मुलं वाढली, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच शाळेचं दार बंद.

शाळेचं जेवण बनवणारं आमचं किचन आम्ही चालू ठेवलं. पण एरवी खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या बायकांना लांब लांब उभं करायचं म्हणजे जागा तेवढीच आणि हात कमी. एकीला ताप आला की तिच्याबरोबरची सगळी पाळी घरी, म्हणून दोन पाळ्या अशा लावल्या की एकमेकींशी गाठच पडू नये. मास्क वाफेने भिजून जायचे. सॅनिटायझर शेगडीजवळ ठेवायचं नाही कारण त्यातलं अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे आत सगळं साबणपाण्यावर. हे सगळं कष्टाचं होतं पण जमत गेलं.

जमत नव्हतं ते जेवण पौष्टिक ठेवणं. शाळेत आम्ही वाढतो तेव्हा अन्न चुलीवरून उतरल्यापासून मुलाच्या तोंडात जाईपर्यंत आमच्या डोळ्यासमोर असतं. गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली, शिजलेलं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, हे आम्हाला पाठ आहे. आता तेच पाकिटात भरून गेटवर द्यायचं, पालक किती वाजता येणार माहीत नाही, घरी फ्रीज आहे का माहीत नाही, मूल ते कधी खाणार माहीत नाही. मग मेनूतून एकेक गोष्ट गळायला लागली, आधी कापलेलं फळ गेलं, मग चिरलेली कच्ची भाजी, मग दूध, मग गरम शिजवलेलं सगळंच. उरलं ते टिकणारं, आणि तयार टिकाऊ पदार्थांत बऱ्याचदा मीठ नाहीतर साखर भरलेली. मी पाकीट उलटं करून मागचा बारीक अक्षरातला तक्ता वाचत बसायचे. मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, लहान मुलाला त्याहून कमी, आणि आम्ही मुलांच्या हातात हे देणार? शेवटी न कापता राहणारी अख्खी फळं, कोरडं धान्य, कडधान्य यावर आलो, पण ते घरी शिजवायला इंधन लागतं, वेळ लागतो, ते सगळ्यांकडे कुठून असणार.

शेंगदाण्याचं सांगते. स्वस्त, पौष्टिक, टिकतात, मला ते हवेच होते. पण एखाद्याला त्याची अ‍ॅलर्जी असली तर शाळेत वाढणाऱ्या बाईला ते मूल चेहऱ्याने माहीत असतं, ती त्याचं ताट वेगळं काढते. गेटवर पाकीट कोण घेऊन जातंय आणि ते कोण उघडणार, हे कुणालाच माहीत नसतं.

आणि गेटवर एका मुलाने विचारलं होतं, "यात माझ्या बहिणीचं पण आहे ना?" बहीण शाळेच्या वयाची नव्हती, नियमात बसत नव्हती. एका मुलासाठी मोजून दिलेलं घरात चार जण खाणार हे उघड आहे आणि त्यात त्या घराची काही चूक नाही, भुकेल्या घरात आई असंच वाटून देणार. पण मग आमच्या कागदावर त्या मुलाला दिवसाचं प्रोटीन पोचलेलं असतं आणि त्याच्या पोटात त्यातला तुकडा गेलेला असतो. याची मला आजही सगळ्यात जास्त काळजी वाटते. घरी बसून वजन वाढलेली मुलंही होती, ती गोष्ट वेगळी, पण पोट न भरणं असो की वजन वाढणं, स्वस्त टिकाऊ खाणं दोन्हीकडे आहेच.

सगळीकडेच लोक धडपडत होते. अमेरिकेत मुलांनी शाळेतच एकत्र बसून जेवायची अट मार्च २०२० मध्येच सैल केली, त्यामुळे पालक जेवण घरी नेऊ शकले, काही ठिकाणी तर स्कूल बस मुलांऐवजी जेवण घेऊन फिरल्या. दुपारी कामावर असणाऱ्या आईबापांसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

माझ्या प्लॅनमध्ये मी लिहिलंय की धाकट्या भावंडांचा वाटा धरूनच माप काढायचं, वाटप संध्याकाळीही ठेवायचं आणि टिकाऊ मालाच्या खरेदीत मिठा-साखरेची मर्यादा आधीच घालायची, साथ आल्यावर घाईत नाही. किचनच्या बायकांना लस आणि पगारी आजारपणाची रजा पहिल्या यादीत. अडतंय ते पैशात. आम्हाला पैसे ताटामागे मिळतात, ताटं कमी झाली की पैसे कमी, पण पगार आणि भाडं तेवढंच राहतं आणि वर पाकिटांचा खर्च. बाबा, तुम्ही इतकी वर्षं हिशेब सांभाळलेत, हे ताटामागचं गणित बदलून महिन्याची ठरावीक रक्कम कशी मागता येईल ते बघाल का? कागद सोबत जोडलेत. पेन्सिलने खुणा करा आणि आईला फोटो काढून पाठवायला सांगा, मीटिंगच्या आधी मिळाले तर मला नीट मांडता येईल.

तुमची,
ताई