डॉल्फिनच्या होडीला नियम द्या: पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कोकण किनाऱ्यावरील डॉल्फिन दर्शनासाठी अंतर आणि वेळेचा नियम येत्या हंगामापूर्वी लागू करण्याबाबत

माननीय मंत्रीमहोदय,

मी मालवणजवळच्या देवबागची. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचं घर. घरातल्या खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. खोलीचं भाडं, माशाचं जेवण आणि सकाळी डॉल्फिन दाखवायला जाणारी होडी यांवर आमच्या गावातल्या कितीतरी घरांची चूल पेटते. पर्यटन बंद व्हावं असं आमच्यापैकी कुणीच म्हणणार नाही, मी तर नाहीच. ज्या डॉल्फिनच्या नावावर हा धंदा उभा आहे, त्याच्याजवळ होडी किती न्यायची याचा ठळक नियम आमच्या एकाही जेटीवर लावलेला नाही. तो तुम्ही करावा, यासाठी हे पत्र.

हल्ली बुकिंगच्या फोनवर खोलीच्या भाड्याआधी एक प्रश्न येतो: "डॉल्फिनबरोबर पाण्यात उतरता येईल ना?" विचारणाऱ्याचा दोष नाही. मॉरिशसच्या तामारिन खाडीत पहाटे डॉल्फिनसोबत पोहण्याची सहल पुण्या-मुंबईच्या नवविवाहितांना पॅकेजमध्येच मिळते. तिथले व्हिडिओ बघून लोकांना वाटतं, डॉल्फिन तर मालवणलाही आहेत, मग तिकडे कशाला जायचं? एक दिवस काढू, सकाळी पोहू, दुपारी किल्ला बघू, रात्री गाडीला बसू. असा दिवस आखून आलेल्या माणसाला मी नाही म्हणते तेव्हा त्याचा चेहरा उतरतो. काही जण जेटीवर जाऊन दुसऱ्याला विचारतात. हंगामाच्या गर्दीत 'हो' म्हणणारा कुणीतरी निघेल, ही भीती मला आहे.

आमच्याकडे पोहणं का नको, हे आधी सांगते. मॉरिशसला दिसतात ते स्पिनर डॉल्फिन. ते रात्री खोल समुद्रात चरतात आणि दिवसा उथळ खाडीत विश्रांतीला येतात. आमच्या किनाऱ्यावर बहुतेकदा दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला राखाडी हंपबॅक डॉल्फिन. तो किनारा सोडून फार लांब जातच नाही. उथळ पाणी, नदीचं मुख, खाडीचं तोंड हे त्याचं घर, आणि तिथले बोय आणि तारली हे मासे त्याचं खाणं. कर्ली समुद्राला मिळते त्या संगमावर पाणी गढूळ असतं. सुकती, म्हणजे ओहोटी लागली की कर्लीची ओढ अशी असते, की पट्टीचा पोहणारासुद्धा पाच मिनिटांत होडीपासून कुठल्या कुठे जातो. भोवती पाच-सहा होड्यांचे पंखे फिरत असतात आणि वरून ते पाण्यात उतरलेलं डोकं दिसत नाही. डॉल्फिन माणसाजवळ येत नाही, तो बुडी मारून निघून जातो. राहतो तो पाण्यात एकटा माणूस.

मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबाची होडी उलटून दोन पर्यटक गेले. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून पंधरा जणांचे प्राण गेले. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती कडक झाली आणि आता लहान मुलंसुद्धा ते मुकाट्याने घालतात. यावरून मला एवढंच कळतं की स्पष्ट नियम आला, तर आमचे होडीवाले आणि तुमचे पर्यटक दोघेही तो पाळतात. मग अपघाताची वाट का बघायची?

आता डॉल्फिनचं बघू. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे मतलई वारा असतो, समुद्र तेलासारखा सपाट पडतो आणि लांबवर उठलेली पाठही दिसते. एकाने हात वर केला की सगळ्या होड्या तिकडे वळतात. मी हे ज्या सकाळी जवळून बघितलं, त्या सकाळी पाण्यात आई आणि पिल्लू होतं. पिल्लू आईच्या कुशीला चिकटून वर येत होतं, आईच्या अर्ध्या अंगाएवढंही नव्हतं. एक होडी पुढून आली, दोन मागून, एक किनाऱ्याच्या बाजूने. आई खाली गेली, पिल्लूही गेलं. पण पिल्लाचा दम आईपेक्षा लवकर संपतो, ते आधी वर आलं आणि आलं ते होड्यांच्या मधोमध. लोक ओरडले, फोन वर झाले. आई त्याच्या आणि आमच्या होडीच्या मध्ये येऊन फुसकन श्वास सोडून पुन्हा खाली गेली. असं चार-पाचदा झालं. मग दोघं खोल पाण्याच्या दिशेने गेली आणि होड्या त्यांच्या मागे.

मागे जाणाऱ्या होडीवाल्याला मी ओळखते. चांगला माणूस आहे. रापणीत जन्म गेला, वादळात लोकांना वाचवायला जाणाऱ्यांतला आहे. संध्याकाळी मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गिरायक वरडता, जवळ घे, जवळ घे. मी नाय घेतलंय तर उद्या दुसऱ्याच्या होडयेत बसतला." हे एक वाक्य तुम्ही नीट ऐकावं असं मला वाटतं. एकट्याने अंतर राखलं तर एकट्याचंच नुकसान. सगळ्यांना एकच अंतर असेल तर कुणाचंच नाही. ते अंतर ठरवण्याची ताकद आमच्यापैकी कुणाकडे नाही, सरकारकडे आहे.

त्यात भर म्हणून "डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत" अशी हमी देऊन सहल विकली जाते. हमी दिली की पाठलाग आलाच. जंगलात वाघाची हमी कुणी देत नाही. वाघ दिसला नाही तरी लोक ताडोब्याला पुन्हा येतात, कारण गाडीत बसलेल्या गाइडने जंगल दाखवलेलं असतं. आमच्या होडीतही दाखवण्यासारखं खूप आहे: संगमावरचे कुरव, खाडीतलं कांदळवन, ओहोटीला उघडी पडणारी वाळू, लांबवर निवतीचे खडक. पण ते दाखवायला कुणी शिकवलेलं नाही. फेरीचे पैसे डॉल्फिनचे असं न ठरवता समुद्रावरच्या तासाचे ठरले, तर होडीवाल्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

कायदा काय म्हणतो, तेही लिहिते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला मारणं आणि पकडणं तर आहेच, त्याला हाकणं, त्याचा पाठलाग करणंही आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. २०१३ मध्ये केंद्र सरकारने देशात कुठेही डॉल्फिनचे खेळ करणारी तळी उभी करायला परवानगी द्यायची नाही असं ठरवलं, ते याच प्राण्याच्या बुद्धीचा आणि संवेदनशीलतेचा मान राखून. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून डॉल्फिन प्रकल्प जाहीर झाला, त्यात नदीतल्याबरोबर समुद्रातले डॉल्फिनही होते. आंतरराष्ट्रीय यादीत आमचा हंपबॅक २०१७ पासून 'धोक्यात' या वर्गात आहे. मादीला साधारण तीन वर्षांतून एक पिल्लू होतं. एक पिल्लू गेलं तर ती जागा भरायला किती काळ लागेल, याचा हिशेब कुणीही करू शकेल.

एवढं सगळं कागदावर असताना जेटीवर काय आहे? होडीचा परवाना सागरी मंडळ बघतं, किती माणसं बसवायची तेही तेच ठरवतं. प्राणी वनविभागाच्या, इकडे कांदळवन कक्षाच्या अखत्यारीत. जाहिरात तुमच्या खात्याची, आणि त्या जाहिरातीत डॉल्फिन पाण्याबाहेर उडी मारताना दाखवतात. होडी एका खात्याची, प्राणी दुसऱ्याचा, पर्यटक तिसऱ्याचा. होडी आणि डॉल्फिन यांच्यामधलं पाणी मात्र कुणाचंच नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, पण क्षेत्र अवघं २९ चौरस किलोमीटर, आणि डॉल्फिन काही त्याची हद्द बघून पोहत नाही.

बाहेरच्या देशांनी हा अनुभव आमच्याआधी घेतलाय. न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये बॉटलनोज डॉल्फिनबरोबर पोहण्याचा मोठा धंदा होता, परवाने देऊन, नियम घालून चालणारा. तरीही १९९९ नंतरच्या वीस वर्षांत तिथे येणाऱ्या डॉल्फिनची संख्या दोन तृतीयांशाने घटली. पिल्लं जगेनात. होड्यांच्या सोबतीत डॉल्फिन कमी खात होते, कमी झोपत होते. २०१९ मध्ये त्या सरकारने त्यांच्याबरोबर पोहणं बंद केलं आणि २०२१ च्या अखेरीस त्या खाडीत सागरी सस्तन प्राण्यांचं अभयारण्य करून होड्यांना तीनशे मीटर लांब ठेवलं. अमेरिकेने २०२१ मध्ये हवाईच्या किनाऱ्यावर स्पिनर डॉल्फिनबरोबर पोहण्याला आणि पन्नास यार्डांच्या आत जाण्याला मनाई केली. दोन्ही ठिकाणी पर्यटन थांबलेलं नाही. आम्हाला तिथवर घसरून मग परत फिरायचं नाहीये. आमच्याकडे पोहण्याचा धंदा अजून सुरूच झालेला नाही, तोवरच तो सुरू होऊ नये असं लिहून टाकणं सगळ्यात सोपं.

कुणी म्हणेल, डॉल्फिन होड्यांपेक्षा जाळ्यांत जास्त मरतात. खरं आहे. जाळ्यात गुरफटून किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन आम्ही बघितलाय, आणि डॉल्फिनने फाडलेली जाळीही बघितली आहेत. ज्याचं जाळं फाटतं त्याची भरपाई, जाळ्यात सापडलेल्या डॉल्फिनला सोडणाऱ्याला मोबदला, हा मोठा विषय मत्स्यव्यवसाय खात्याबरोबर बसून सोडवावा लागेल आणि त्याला वेळ लागेल. होड्यांचा प्रश्न मात्र एका आदेशाने याच हंगामात सुटू शकतो. मोठं काम बाकी आहे म्हणून हे छोटं राहून जाऊ नये.

आदेशात काय असावं, हे गावात बोलताना जे निघालं ते मांडते. डॉल्फिनपासून पन्नास मीटरच्या आत होडी नेऊ नये, पिल्लू असेल तर शंभर. त्या अंतरावर मशीन न्यूट्रल करावं आणि डॉल्फिन आपण होऊन जवळ आला तर येऊ द्यावा. एका कळपाजवळ एका वेळी तीनच होड्या, बाकीच्यांनी लांब थांबून पाळी घ्यावी. वीस मिनिटांहून जास्त कुणी थांबू नये. पुढून अडवणं, घेरणं आणि मासे टाकून बोलावणं बंद. पाण्यात उतरणं पूर्ण बंद, आणि "डॉल्फिनसोबत पोहा" किंवा "दिसण्याची हमी" अशी जाहिरात करणाऱ्याचा पर्यटन विभागातला नोंदणी क्रमांक रद्द. आकडे कमीजास्त करायचे तर सागरी जीवशास्त्रातल्या माणसांना विचारून करा, आमची हरकत नाही.

या नियमांचा फलक मराठी, हिंदी, इंग्रजीत प्रत्येक जेटीवर, तिकीट खिडकीच्या वर, दरपत्रकाच्या शेजारी लागू द्या. होडीत बसण्याआधी पर्यटकाने तो वाचला की "जवळ घे" म्हणण्याआधी तो थांबेल, आणि होडीवाल्याला बोट दाखवायला काहीतरी असेल. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा चार दिवसांचं प्रशिक्षण घ्या आणि ते पूर्ण करणाऱ्या होडीला डॉल्फिन दर्शनाचा वेगळा परवाना द्या. देखरेख आधी गावच्या होडी संघटनेकडे सोपवा, दंडाची रक्कम संघटनेच्या निधीत जाऊ द्या. पहिल्याच चुकीला वन्यजीव कायद्याचा बडगा आमच्या पोरांवर नको. वारंवार करणाऱ्याला मात्र सोडू नका. हे मालवणपुरतं ठेवूनही चालणार नाही. मुरुड-हर्णैला, गुहागरला, वेंगुर्ल्यालाही डॉल्फिनच्या फेऱ्या निघतात, आणि एका किनाऱ्यावर नियम असेल तर गर्दी शेजारच्या किनाऱ्यावर सरकेल.

मला विचारणाऱ्या पाहुण्याला मी आताही एक दिवस आखून देते, आणि तो चांगला जातो असं ते स्वतः सांगतात. साडेसहाला होडी, खारा वारा सुटायच्या आत परत. दुर्बीण आमच्याकडून. मशीन बंद करून बसायचं, बोलायचं नाही. आधी श्वासाचा आवाज येतो, मग पाठ दिसते. पोहायचंच असेल तर दुपारी भरती बघून आमच्या समोरच्या किनाऱ्यावर, जीवरक्षक असेल तिथे. संध्याकाळी किल्ला. मोबाइलमध्ये डॉल्फिन ठिपक्याएवढा येतो, हे मी आधीच सांगून ठेवते.

होड्या सप्टेंबरात पाण्यात उतरतात आणि दिवाळीत गर्दी सुरू होते. त्याआधी आदेश निघायचा, तर तुमचं खातं, सागरी मंडळ आणि कांदळवन कक्ष यांची एकत्र बैठक जुलैत व्हायला हवी. ती मंत्रालयात न घेता मालवणात घ्यावी आणि होडीवाल्यांना बोलवावं, ही विनंती. तारीख कळवलीत तर देवबाग, तारकर्ली आणि वायरीच्या होडीवाल्यांपर्यंत निरोप पोचवायचं काम मी अंगावर घेते.

आपली,
देवबागमधील एक निवास-न्याहारी चालक

प्रत: मा. बंदरे मंत्री आणि मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य