माझी भाकरी हिशेबात धरणाऱ्या वकीलताईंना

वकीलताई, नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या लेकीएवढ्या, तरी ताईच म्हणते. माझ्या अपघाताच्या भरपाईचा निकाल लागला त्या दिवशी कोर्टाच्या आवारात माझ्या तोंडून धड दोन शब्द निघाले नाहीत. पदर तोंडाला लावून उभी राहिले, तोवर तुम्ही पुढच्या केसला निघूनही गेलात. म्हणून हे पत्र. मी सांगतेय, पुतणी टाइप करतेय. उजव्या मनगटाचं तुम्हाला ठाऊकच आहे.

आमच्या सातारा जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू झाला की अंधार पडल्यावर रस्ता ट्रॅक्टरवाल्यांचा. मागे दोन-दोन ट्रॉल्या, टेपवर मोठ्याने गाणी, आणि मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना लाल पट्टी. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन मी कडेकडेने घरी येत होते. वळणावर मागची ट्रॉली कडेला आली आणि मला घेऊन गेली. मांडीत रॉड, मनगटात प्लेट. त्याचं रडगाणं आता गात नाही.

त्यानंतर भेटलेल्या माणसांचं मात्र सांगणार. पुतणी म्हणते, काकू, जाऊ दे. का म्हणून जाऊ दे?

प्लास्टर वाळायच्या आत एक गृहस्थ खाटेपाशी हजर. 'क्लेम मी करून देतो' म्हणाले. त्यांना कुणी पाठवलं ते काही सांगेनात. ट्रॅक्टरवाला गावातलाच, घर वजनदार. त्यांच्या वतीने दोन जाणती माणसं आली, चहा प्यायली आणि म्हणाली, 'गावातलं गावात मिटवा, उद्या तुमचा ऊस कोण नेणार?' विमा कंपनीचं म्हणणं काय, तर विमा ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा नाही. म्हणजे ट्रॉली आपल्या पायांनी चालत आली होती! आणि तालुक्यातले पहिले वकील. त्यांनी फाइल चाळली आणि आमच्या ह्यांना सांगितलं, 'बाईंना उत्पन्न नाही, फार काही निघायचं नाही. जे निघेल त्यातला चौथा हिस्सा माझा.' वर कोऱ्या कागदांवर सह्या मागितल्या. मी समोरच बसले होते. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. असा हिस्सा ठरवून फी घेणं वकिलांच्या बार कौन्सिलच्या नियमात बसतच नाही, हे पुढे तुमच्याकडून कळलं.

तुम्ही पहिल्या भेटीत ह्यांना बाहेर बसवलंत आणि मला विचारलंत, 'उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता? काही सोडू नका.' मी म्हटलं, काय करणार, घरचंच. मग एका सकाळी पहिल्या एसटीने तुम्ही घरीच आलात. स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घातलीत, वही काढलीत. पाणी, शेण, वैरण, धार, चूल, सासूबाईंची आंघोळ, पोरांचे डबे, भांगलण, सगळं उतरवलंत. मध्येच म्हणालात, 'एक भाकरी थापून दाखवता?'

अपघातापासून घरात सूनच भाकरी करत होती, मी परातीला हात लावला नव्हता. पीठ मळताना अंगठ्याच्या बुडात कळ आली. थापायला घेतली तर हात फिरेना. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, उचलताना मधोमध फाटली. मी तशीच तव्यावर टाकली आणि तुमच्याकडे बघेना. सून म्हणाली, 'राहू द्या, ती म्हशीला घालते, मी दुसरी करते.' तुम्ही उठलात, तव्यावरचे ते दोन तुकडे ताटलीत घेतलेत, लसणाच्या चटणीशी खाल्लेत आणि मग वहीत लिहिलंत. 'होईल बरं' नाही की 'अरेरे' नाही. ताई, कोर्टाने दिलेल्या पैशाबद्दल आभार आहेतच. पण हे पत्र त्या फाटक्या भाकरीसाठी आहे.

जाताना डेअरीची बिलं मागितलीत. खातं ह्यांच्या नावावर, सही ह्यांची, पैसे ह्यांच्या बँकेत. तुम्ही विचारलंत, 'धार कोण काढतं?' आमची म्हैस दुसऱ्या हाताला पान्हा सोडत नाही. मी दवाखान्यात होते त्या महिन्यांचं दूध बिलावर निम्म्याच्याही खाली आलेलं. ते कागद आमच्या पत्र्याच्या डब्यात पडून होते, कुणाला सुचलं नव्हतं. तुम्ही ते पुराव्यात लावलेत.

दाखल्यावर डॉक्टरांनी अपंगत्वाचे टक्के लिहिले होते. तुम्ही समजावलंत की ते टक्के अवयवाचे. माणसाची कमाई किती बुडाली ते वेगळं बघायचं. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय म्हणे, डावा हात गेला तर सुताराचा धंदाच बसतो, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. समोरच्या वकिलांनी मोटार वाहन कायद्यातल्या जुन्या तक्त्याचा आधार घेतला. न कमावत्या बायकोचं उत्पन्न नवऱ्याच्या एक तृतीयांश धरा. तेव्हा तुम्ही 2010 चाच दुसरा निकाल काढलात. 2001 च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्यांत धरून भिकारी, वेश्या आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं होतं, त्यावर न्यायमूर्तींनी त्यात खडसावलंय. मी तिथे बसून ऐकत होते. राग आला, खोटं कशाला सांगू. पहाटे उठून मी कुणाचं खात होते?

आणि ते मिनिटांचं. सरकारच्याच 2019 च्या पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला 299 मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा 97. सुप्रीम कोर्टाने 2021 च्या निकालात हे आकडे घेतलेत. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, '97? एवढं कोण करतं?' हल्ली पाणी तेच भरतात, हे मात्र लिहून ठेव म्हणाले.

ताई, वाईट माणसं मोजायला गेले तर चांगलीही निघतात. मला उचलून रिक्षात घालणारा पोरगा कोण कुठला, नावही न सांगता गेला. त्याला कुणी सांगितलं होतं का, की मदत करणाऱ्याला पोलिसांनी अडकवायचं नाही असा कायदा 2019 मध्ये आलाय? माणूस पडलेलं दिसलं, त्याने उचललं. कोर्टातल्या शिपाईदादांनी दर तारखेला माझ्यासाठी बाकाऐवजी खुर्ची आणून ठेवली, कारण बाकावरून मला उठता यायचं नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून नव्हे.

पैशातला मोठा भाग कोर्टाच्या आदेशाने माझ्या एकटीच्या नावावर ठेव म्हणून ठेवलाय. जन्मात पहिल्यांदा बँकेत माझा फोटो लागला. त्या गृहस्थांच्या, जाणत्यांच्या कानावर गेलंच असेल, गावात काय लपतं?

आता एक काम. कारखान्याच्या तळावर बीडकडची एक ऊसतोड बाई आहे, ट्रॉली उलटली त्यात कंबर गेलीय. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, नवऱ्याच्या नावावर, मुकादमाच्या वहीत तिचं नाव नाही, पण कोयता दोघांचा आहे, ऊस दोघं मिळून तोडतात. तिच्याकडेही कोऱ्या कागदांवर सह्या मागायला कुणी येऊन गेलंय. सही करू नकोस म्हणून मी सांगून आलेय. हंगाम संपला की ही माणसं गावी जातील. सोमवारी तिला घेऊन तुमच्याकडे येते. वही तेवढी मोठी ठेवा, तिचा दिवस माझ्याहून लांब आहे.